४.७ टक्क्यांच्या अलीकडे आणि पलीकडे

बर्गेनला राहायला आल्यावर पहिल्याच शनिवारी मी किराणा दुकानात बिअर आणायला गेले, तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून चार मिनिटे झाली होती. बिअरच्या कपाटांवर करडा पडदा ओढलेला होता आणि त्याच्या खालच्या फटीतून बाटल्यांचे तळ तेवढे दिसत होते. नॉर्वेत दुकानातली बिअरविक्री इतर दिवशी फार तर रात्री आठपर्यंत आणि शनिवारी सहापर्यंत चालते, रविवारी तर मुळीच नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते. त्या रात्री मी कोरा चहा पीत बसले आणि एक वही काढून तिच्यावर ‘नॉर्वेची बिअर’ असे लिहून ठेवले. सहा वर्षांत ती वही भरत आली आहे. तिच्यातल्या नोंदी वाचताना असे लक्षात येते की, बिअर कोणती आहे यापेक्षा ती मी कुठून आणि कशी आणली, यावर तिच्या गुणांचा कल अधिक अवलंबून आहे.

याचे मूळ कायद्यात आहे. येथे किराणा दुकानात ४.७ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर मिळते. त्याहून कडक काहीही हवे असेल, तर १९२२ साली स्थापन झालेल्या ‘व्हिनमोनोपोले’ या सरकारी मक्तेदारीच्या दुकानात जावे लागते. लोकांच्या तोंडी ते नुसते ‘पोले’. ही मर्यादा केवळ विक्रीची आहे, पण तिने बिअरची चवही घडवली आहे, कारण दुकानातल्या कपाटात जागा मिळवायची असेल, तर बिअर ४.७ टक्क्यांच्या आत बसवणे भागच पडते. बहुतेक पिल्सनर, म्हणजे फिकट सोनेरी, हलक्या बिअरी, म्हणूनच नेमक्या या रेषेवर येऊन थांबतात. एखादी पेल एल (एल म्हणजे उबेत आंबवलेली बिअर, पेल म्हणजे फिकट) मुळात साडेपाच टक्क्यांची असावी असे जिभेला जाणवते आणि ती ४.७ वर आणून ठेवल्यामुळे मध्येच पोकळ लागते. हॉप्स या फुलांचा कडवटपणा वर तरंगतो आणि त्याला तोलून धरणारा माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा मात्र कमी पडतो. याला अपवाद नाहीत असे नाही. स्टाव्हांगरच्या लेर्व्हिगची ‘लकी जॅक’ ही बरोबर ४.७ टक्क्यांची पेल एल अंगाने हलकी असूनही पोकळ लागत नाही, आणि त्यासाठी माझ्या वहीत तिला दुकानातल्या बिअरींपैकी सर्वांत वरचा गुण आहे.

दुकानातल्या पिल्सनरविषयी लिहिण्यासारखे फार नाही. रिंगनेस ही ओस्लोची १८७६ सालची, हान्सा बर्गेनची १८९१ सालची आणि माक ट्रोम्सोची १८७७ सालची. प्रत्येक गावाचा आपापल्या बिअरवर जीव असतो आणि बर्गेनमध्ये बसून हान्साला नावे ठेवणे म्हणजे कोल्हापुरात बसून तांबड्या रश्श्याला नावे ठेवण्यासारखे आहे, तेव्हा एवढेच नोंदवते की तिघींचे ग्लास झाकून, कोणता कुठला हे न कळता चाखले असता मला दोनदा माक ओळखता आली आणि उरलेल्या दोघींत दोन्ही वेळा गल्लत झाली. या वर्गात गुणांपेक्षा दोष लवकर ओळखू येतात. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला की माल्टातली काही गंधकयुक्त द्रव्ये उकळताना पुरती उडून गेलेली नाहीत असे समजावे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला की बाटली जुनी झाली किंवा तिच्यात हवा शिरली. लोण्याचा वास मला व्यक्तिशः आवडतो, पण पिल्सनरमध्ये तो दोषच.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी. पोलेतून आणलेली पहिली बाटली द्रामेनच्या ‘ऑस’ची बॉक, म्हणजे जर्मन धाटणीची कडक बिअर, होती. ऑस हा १८३४ सालचा, नॉर्वेतला आज चालू असलेला सर्वांत जुना बिअरचा कारखाना; त्यांची बॉक साडेसहा टक्क्यांची, गडद तपकिरी, बराच काळ थंडीत मुरवलेली. मी ती फ्रिजमधून काढली, ओतली, दोन घोटांत निकाल लावला आणि वहीत शंभरपैकी अडतीस गुण देऊन शेरा लिहिला: ‘पाणचट, किंचित जळकट.’ वर्षभराने एका मित्राकडे तीच बिअर निघाली. बाटली अर्धा तास स्वयंपाकघराच्या ओट्यावर राहिली होती. पहिल्या घोटाला भाजलेल्या पावाच्या कडेची चव आली, मग काकवीची, आणि शेवटी सुक्या अंजिराच्या सालीसारखे काहीतरी जिभेच्या कडांवर रेंगाळत राहिले. चार अंशांवर यांतले काहीच कळले नव्हते, कारण थंडीने जीभ बधिर होते आणि वासही ग्लासातून वर येत नाही. तेव्हापासून माझ्याकडे नियम असा की पिल्सनर सहा अंशांच्या आसपास, एल दहा-बारावर, आणि स्टाउट, बॉक किंवा बार्ली वाइन यांसारख्या दाट बिअरी फ्रिजमधून निदान अर्धा तास आधी बाहेर. ग्लास भांडी धुण्याच्या यंत्रातून आलेला असेल, तर तो पुन्हा गरम पाण्याने विसळते, कारण यंत्रातल्या चकाकीच्या द्रावाचा पातळ थर राहिला की फेस मिनिटभरात बसतो आणि दोष मात्र बिअरवर येतो.

शंभरपैकी गुण देणेही मी त्याच सुमारास सोडले. बहात्तर आणि चौऱ्याहत्तर यांत फरक काय, हे दुसऱ्या दिवशी मलाच सांगता येत नसे. नॉर्वेजियन वर्तमानपत्रांत यासाठी एक जुनी आणि सोपी रीत आहे: फाशाचे दान. चित्रपट असो, पुस्तक असो, उपाहारगृह असो, परीक्षणाच्या शेजारी फाशाचे चित्र छापतात आणि त्यावर एकपासून सहापर्यंत ठिपके असतात. ‘व्हेगे’ या वृत्तपत्राने १९५२ साली चित्रपटांसाठी हा प्रकार सुरू केला. फाशाला शून्य नाही, अर्धाही नाही आणि मधला आकडाही नाही, त्यामुळे ‘ठीकच आहे’ म्हणून सुटता येत नाही. तीन किंवा चार, बाजू घ्यावीच लागते. त्यातच, येथे मद्याच्या जाहिरातींवर १९७५ पासून बंदी आहे. भिंतीवर फलक नाही, दूरचित्रवाणीवर फेसाळता ग्लास नाही, अशा देशात वृत्तपत्राने दिलेले पाच किंवा सहा ठिपके हाच बिअरविषयी ऐकू येणारा मोठा आवाज ठरतो. डिसेंबर जवळ आला की नाताळच्या बिअरींच्या, म्हणजे ‘यूलेओल’च्या परीक्षणांची पाने निघतात, आणि लोक ती कापून खिशात घालून पोलेत रांग लावतात, हे मी पाहिले आहे.

पोलेच्या कपाटात लहान कारखान्यांची मोठी गंमत आहे. ग्रिमस्टाडचा ‘नोग्ने ओ’ २००२ साली घरी बिअर करणाऱ्या दोघांनी काढला, त्यांतला एक विमानचालक होता. नावाचा अर्थ ‘उघडे बेट’. ते शब्द नाटककार इब्सेनच्या कवितेतले, आणि इब्सेन तरुणपणी याच ग्रिमस्टाडात औषधाच्या दुकानात उमेदवारी करत होता. त्यांच्या सात टक्क्यांच्या पोर्टरला, म्हणजे भाजलेल्या माल्टच्या काळसर बिअरला, माझे पाच ठिपके आहेत. कडू चॉकलेट आणि कॉफी तर बहुतेक पोर्टरांत असतेच, पण हिच्यात शेवटी जी कोरडी, जवळजवळ राखेसारखी कडा येते तिच्यामुळे दुसरा घोट घ्यावासा वाटतो. फ्लोमच्या ‘एगिर’चे नाव देवांसाठी बिअर गाळणाऱ्या समुद्रातल्या राक्षसावरून आलेले आहे, इमारतीवर ड्रॅगनची तोंडे आहेत आणि उन्हाळ्यात पर्यटकांची झुंबड असते, मी तिथे नोव्हेंबरात जाते. फ्लोरोच्या ‘किन’च्या गाळण न केलेल्या बिअरी मात्र जपून ओताव्या लागतात, नाहीतर तळाचा गाळ सारा ग्लास गढूळ करतो. एकदा एका लहान कारखान्याची (नाव नको) बाटली उघडताच अर्धी बिअर छताकडे गेली. उरलेल्या अर्ध्या बाटलीला मी गुण दिले नाहीत. फरशी पुसल्यानंतरचा निवाडा निःपक्षपाती नसतो.

येथवर मला माझी रीत जमली आहे असे वाटत होते. नंतर वॉसला जाणे झाले.

बर्गेनहून आगगाडीने सव्वा तासावर असलेल्या वॉसच्या परिसरात, तसेच उत्तरेकडे हॉर्निनदाल आणि स्ट्योरदाल येथे, शेतकरी घरी बिअर करण्याची परंपरा खंड न पडता टिकून राहिली. बर्गेनच्या उत्तरेला भरणाऱ्या गुलाटिंग सभेच्या मध्ययुगीन कायद्यात तर नाताळसाठी बिअर गाळणे हे प्रत्येक शेतकऱ्याचे कर्तव्यच होते. ती चांगल्या पिकासाठी आणि शांततेसाठी ख्रिस्त व मेरी यांना अर्पण करायची, आणि जो तीन वर्षे ओळीने चुकेल त्याची मालमत्ता जप्त होऊन अर्धी राजाला आणि अर्धी बिशपला जायची. स्वतःपुरती बिअर घरी करायला आजही मुभा आहे, पण परवान्याविना ती विकता येत नाही. त्यामुळे ही बिअर किराणा दुकानातही नाही आणि पोलेतही नाही. कोणी बोलावले तरच ती मिळते.

मला एका सहकाऱ्याच्या काकांनी बोलावले. अंगणात जुनिपर या सदाहरित झुडपाच्या ओल्या फांद्या तांब्याच्या मोठ्या हंड्यात उकळत होत्या, कारण येथे साध्या पाण्याऐवजी या फांद्यांच्या अर्कातच माल्ट भिजवतात. वॉसच्या पद्धतीत माल्टचा तो रस मग तासन्‌तास उकळतात, त्यामुळे बिअर तांबूस होते. हॉर्निनदालकडे मात्र तो उकळतच नाहीत, आणि त्या कच्च्या बिअरला ताज्या धान्याची, पेजेसारखी चव असते. रस निवत आल्यावर काकांनी थर्मामीटर दाखवला: एकोणचाळीस अंश. साधे बिअरचे यीस्ट विसाच्या आसपास खूश असते, चाळिशीला ते नको नको ते वास सोडते. काकांच्या घरच्या यीस्टला, म्हणजे ‘क्वाइक’ला, तेवढीच ऊब लागते आणि दोन दिवसांत त्याचे काम उरकते. काकांनी बरणीतले यीस्ट ओतताना अचानक मान वर करून एक आरोळी ठोकली. बिअर जोमदार व्हावी म्हणून यीस्ट घालताना ओरडण्याची ही जुनी चाल आहे. गोठ्यातल्या मेंढ्यांनी माना वळवल्या.

क्वाइक पिढ्यान्‌पिढ्या घरातच राहते. बिअर झाल्यावर खाली बसलेला साका काढून ठेवतात, वाळवतात, पूर्वी लाकडी कड्यांची माळ त्यात बुडवून टांगून ठेवत. आणि एखाद्याचे बिघडले तर तो शेजाऱ्याकडून मागून आणतो. हे ऐकताना मला समजावून सांगण्याची गरज पडली नाही. सांगलीला आमच्या घरचे विरजण आंबले की आई मला वाटी देऊन जोशीकाकूंकडे पाठवायची, आणि त्यांचे बिघडले की त्यांचा मुलगा आमच्याकडे यायचा. कोणाचे दही मुळात कोणाचे, याचा हिशेब कधीच लागला नसता.

बिअर पिंपात भरण्याच्या दिवशी शेजारीपाजारी चाखायला येतात. मी वही नेली होती. ग्लासात फेस नव्हताच. वर्गवारीच्या कुठल्याही तक्त्यात तेवढ्यावर दोन ठिपके उडाले असते. संत्र्याच्या सालीचा वास स्पष्ट, तो क्वाइकचाच. त्याच्यामागे जुनिपरचा राळेसारखा तिखटपणा, मग दाट, मधासारखा माल्ट, आणि कडवटपणा जवळजवळ नाही. शेजारच्या आजोबांनी अर्धा ग्लास संपवून काकांकडे पाहिले आणि म्हणाले, “गेल्या वर्षीपेक्षा फांद्या जास्त झाल्या.” काकांनी मान डोलावली. त्यांची तुलना गेल्या वर्षीच्या याच घरच्या बिअरशी होती आणि मी मनातल्या मनात तिला नोग्ने ओ शेजारी उभी करत होते. वहीतल्या त्या पानावर वास, रंग, चव सारे लिहिले आहे, फाशाचा चौकोन मात्र कोरा आहे.

निघताना काकांनी वाळवलेल्या क्वाइकचे चमचाभर तुकडे कागदाच्या पाकिटात घालून दिले. त्या उन्हाळ्यात आई बर्गेनला आली होती. ती बिअरला शिवत नाही, पण तिने पाकीट उघडून वास घेतला आणि म्हणाली, “अगं, हे चांगलं आहे. आंबट आहे, पण कुबट नाही.” मग आम्ही दोघींनी मोठ्या पातेल्यात पाच लिटर बिअर घातली, पातेल्याला दुलई गुंडाळली, आणि मी आरोळीही ठोकली, मात्र वरच्या मजल्यावर लहान बाळ असल्यामुळे बेतानेच. बिअर पातळ झाली, जुनिपर फारच कमी पडले, संत्र्याचा वास मात्र आला. तीन ठिपके. तळाचा साका आईने आमसुले वाळवावीत तसा कागदावर पसरून खिडकीत वाळवला, डबीत भरला आणि डबीवर तारीख घातली. ती डबी फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाशेजारी आहे.