समाजशास्त्रात एमए झालं, पुढे काय?

२०१७ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून मी समाजशास्त्रात एमए केलं. १९५०च्या दशकात जिथे नामवंत समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास शिकवत होते, त्या विभागात आपण शिकलो याचा मला फार अभिमान होता, आजही आहे. पण दांडिया बाजारातल्या आमच्या घरी जो येईल तो विचारायचा, "मग आता बी.एड. का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढचं दीड वर्ष जड गेलं. प्राध्यापकीसाठी लागणारी नेट परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. मध्ये एका खासगी कंपनीत एचआरला लागले. तिथला शेवटच्या दोन महिन्यांचा पगार आजतागायत मिळालेला नाही. आत्या म्हणाली, "बँकेच्या परीक्षांचा क्लास लाव, फी मी भरते." मी फॉर्मही आणला होता.

तेवढ्यात विभागातल्या मॅडमचा फोन आला. पादरा तालुक्यात सर्वेक्षणाला मुली हव्या होत्या, रोजावर. गुजराती अस्खलित हवी ही अट. बडोद्यातल्या मराठी घरात वाढलेल्या मुलीला ती वेगळी शिकावी लागत नाही.

तिसऱ्या दिवशी एका अंगणात एक बाई गवारीच्या ढिगापुढे बसल्या होत्या. टॅबवर प्रश्न होता, गेल्या सात दिवसांत काही काम केलं का? त्या म्हणाल्या, "ना बेन, कशुं नथी करती." मी 'नाही'वर बोट ठेवणार होते, पण त्यांचे हात गवार निवडत होते. सर्वेक्षणात प्रश्नाचे शब्द बदलायचे नसतात, पुढे खोदून विचारायची मात्र मुभा असते. मी विचारलं, सकाळपासून काय काय केलंत? पहाटे चारला उठून म्हशीचं दूध काढलं, डेअरीत घातलं, शेतात जाऊन गवार तोडली, आता टेम्पो यायच्या आत दोन पोती भरायची होती. १९९८-९९मध्ये सरकारने सहा राज्यांत वेळवापर पाहणी, म्हणजे लोकांचा दिवसाचा वेळ कशाकशात जातो याची पाहणी केली, त्यात गुजरातही होतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. बायकांचं काम आकड्यांतून कसं निसटतं, ते त्या अंगणात कळलं. सुपरवायझरांना सांगितलं, दुसऱ्या दिवसापासून सगळ्या टीमने तसं खोदून विचारायला सुरुवात केली.

त्या रात्री मी बायोडाटा नव्याने लिहायला घेतला. आधी त्यात पेपरांची नावं आणि टक्के होते. आता लिहिलं : किती घरं केली, कोणत्या भाषांत, कुठे अडलं, काय सुचवलं. सोबत दोन पानांचा अहवाल जोडला. पुढे संध्याकाळी आकड्यांचा गोषवारा काढायला एक्सेलचं पिव्हट टेबल आणि सर्वेक्षणाची माहिती गोळा करायचं कोबो टूलबॉक्स शिकले.

आणखी एक चूक सापडली. मी जाहिरातींत 'समाजशास्त्र' हा शब्द शोधत होते, आणि तो तिथे जवळजवळ नसतोच. तिथे असतं फील्ड रिसर्चर, प्रोग्राम ऑफिसर, मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन, म्हणजे कामावर देखरेख आणि त्याचं मूल्यमापन. कंपनी कायदा २०१३प्रमाणे ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आणि बडोद्याभोवती कारखाने भरपूर. तो पैसा गावात कुणापर्यंत पोहोचला हे बघायला माणूस लागतो. बऱ्याच ठिकाणी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी मागतात; मी तरीही अर्ज केले.

अकरा अर्जांतून दोन बोलावणी आली. दुसऱ्या मुलाखतीत थिअरीचं कुणी नावही काढलं नाही. हातात एक प्रश्नावली दिली आणि म्हणाले, यातल्या चुका काढा. पहिलाच प्रश्न होता, घरात शौचालय आहे का? मी म्हटलं, आहे का आणि वापरतात का हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घरातलं कोण वापरतं, हा तिसरा. त्यावरच वीस मिनिटं बोलणं झालं. त्याच ट्रस्टमध्ये मी अजून आहे. महिन्यातले दहा दिवस छोटा उदेपूरकडे जातात.

शेजारची मुलगी यंदा राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा तिची आई विचारत होती, हिला बी.एड.ला घालू का? मी तिला म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत हिला आधी चार दिवस माझ्याबरोबर पाठवा.