दुर्बीण ठरली, गच्चीचे काय?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या उंच इमारतीत राहणाऱ्याने पहिली दुर्बीण घेताना आरशाचा व्यास पाहण्याआधी गच्ची उघडून मिळेल का याची चौकशी करावी, असे माझे ठाम मत झाले आहे. दुर्बीण कोणती घ्यावी हे ठरवणे तुलनेने सोपे होते. ‘५०० पट मोठे दिसेल’ अशा जाहिराती असलेल्या ७० मिलिमीटरच्या दुर्बिणी मी लगेच बाजूला ठेवल्या, कारण उपयोगी वर्धनाची मर्यादा व्यासाच्या दर मिलिमीटरमागे साधारण दोन पट एवढीच असते. म्हणजे तेथे १४० पटींच्या पुढे चित्र मोठे होते, पण तपशील वाढत नाही. माझी पसंती ८ इंची डॉब्सोनियनला, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवर ठेवलेल्या आरशाच्या दुर्बिणीला होती. तिचा आरसा सुमारे २०० मिलिमीटरचा, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जेथे तयार होते तेथपर्यंतचे) १२०० मिलिमीटर. २५ मिलिमीटरच्या आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) ४८ पट आणि १० मिलिमीटरच्या आयपीसने १२० पट वर्धन मिळते. ७० मिलिमीटरच्या भिंगाच्या मानाने हा आरसा आठपट प्रकाश गोळा करतो.

मात्र वीस किलोंहून जड असलेली ही दुर्बीण आमच्या बाल्कनीत ठेवून समोरच्या टॉवरखेरीज फारसे काही दिसले नसते. गच्ची मिळाली तर डॉब्सोनियन, न मिळाली तर बाल्कनीपुरती लहान भिंगाची दुर्बीण, असा सरळ हिशोब असल्यामुळे सगळी खरेदी सोसायटीच्या एका किल्लीवर अडून राहिली.

मी रीतसर अर्ज दिला. ‘विषय पुढील सभेत घेऊ’ असे उत्तर आले. पुढील सभेत गणपूर्ती झाली नाही. त्यानंतर गच्चीवर वॉटरप्रूफिंगचे काम निघाले आणि ते संपेपर्यंत कोणालाच वर सोडायचे नाही, असे ठरले. काम संपल्यावर सचिवांनी खरे कारण सांगितले: “साहेब, तुम्हाला दिली की उद्या वाढदिवसाच्या पार्ट्यांसाठी सगळे मागतील.” एका सदस्यांना तर मी समोरच्या इमारतीतील घरांत डोकावेन अशी शंका होती. या दुर्बिणीत चित्र उलटे दिसते आणि इतक्या जवळच्या खिडकीवर ती धड फोकसही होत नाही, हे मी समजावून सांगितले. त्यावर ‘तसे लेखी द्या’ असे मला सांगण्यात आले. मी ५०० रुपयांच्या मुद्रांक कागदावर हमीपत्र दिले. तरीही किल्ली कोणाच्या ताब्यात राहील, सुरक्षारक्षकाच्या वहीत नोंद कोणी करायची आणि कोणी कठड्यावरून पडल्यास जबाबदारी कोणाची, या तीन प्रश्नांवर आणखी एक सभा झाली. दरम्यान नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आमच्या भागातील सर्वांत स्वच्छ आकाशाचा काळ सरत होता, आणि जूननंतर पावसाळ्यात ढगांशिवाय काही पाहायला मिळणार नाही, हे मला एकट्यालाच टोचत होते. शेवटी परवानगी मिळाली ती रात्री अकरापर्यंतची. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे ग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असतो तेव्हा, गुरू किंवा शनी सर्वांत उंच येतो तो मध्यरात्रीच्या आसपास, आणि ग्रह जितका उंच तितका त्याचा प्रकाश कमी हवेतून येत असल्याने चित्र स्थिर दिसते. ही अट घालणाऱ्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही, पण ऐकून घेण्याचीही कोणाची तयारी नव्हती.

अर्जात ‘दुर्बीण’ एवढाच शब्द न लिहिता वजन, लागणारी जागा आणि वीजजोडणी लागत नाही ही बाब स्पष्ट लिहावी, आणि त्याची पोच अवश्य घ्यावी.

कॅमेऱ्याचा विचार या प्रतीक्षेतच झाला. तेजोमेघ आणि दीर्घिकांच्या लांब एक्स्पोजरसाठी पृथ्वीच्या फिरण्याला अनुसरून वळणारे विषुववृत्तीय माउंट (बैठक) लागते आणि ते ध्रुवताऱ्याकडे रोखावे लागते. ठाण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो, त्यामुळे उत्तरेला एखादा टॉवर असला की तो दिसतच नाही. डॉब्सोनियनवर चंद्र आणि ग्रहांसाठी मोबाइलचा अडॅप्टर सुरुवातीला पुरतो. पुढे ग्रहांसाठी लहान यूएसबी कॅमेरा घ्यावा, त्याने लॅपटॉपवर व्हिडिओ टिपून सॉफ्टवेअरने त्यातील स्थिर फ्रेम निवडाव्यात व एकावर एक रचाव्यात. डीएसएलआर जोडण्याचा विचार असेल तर तो त्या दुर्बिणीवर फोकस होतो का, हे विक्रेत्याला आधी विचारावे. अनेक परावर्ती (आरशाच्या) दुर्बिणींत फोकसर, म्हणजे आयपीस किंवा कॅमेरा पुढेमागे सरकवणारा भाग, पुरेसा आत जात नाही. नुसत्या ट्रायपॉडवर, १८ मिलिमीटरच्या लेन्सने, क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) साधारण १८ सेकंदांपर्यंत तारे ओघळत नाहीत. पण त्यासाठी शहरापासून दूर, वांगणीसारख्या ठिकाणी जावे, कारण ठाण्याच्या दिव्यांत आकाशच पांढरे पडते.

सीस्टार एस५० सारखी अडीच किलोंची स्वयंचलित दुर्बीण बाल्कनीतही चालते आणि दिव्यांवर मात करून तेजोमेघ दाखवते. परंतु तिच्यात आयपीस नाही, सगळे मोबाइलच्या पडद्यावर दिसते, आणि ५० मिलिमीटरच्या भिंगात शनी फारच लहान दिसतो. मला शनी डोळ्याने पाहायचा होता, म्हणून मी वाट पाहिली आणि त्याचा मला आनंद आहे.

आणखी एक बाब राहिली. लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जाते, वरचा जिना चढावा लागतो. डॉब्सोनियनची नळी आणि बैठक वेगळी होत असल्याने दोन फेऱ्यांत काम होते. वर नेल्यावर आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होण्यासाठी अर्धा तास द्यावा लागतो, म्हणजे अकराच्या मर्यादेतून तोही वजा करायचा. ही मर्यादा एकपर्यंत वाढवून मागणारा अर्ज सध्या सोसायटीच्या कार्यालयात आहे आणि तो पुढील सभेत घेण्यात येईल, असे मला कळवण्यात आले आहे.