जपानी दप्तराचं ओझं

इथे जपानमध्ये मूल पहिलीत जायच्या वर्षभर आधीच घरात दप्तराची चर्चा सुरू होते. रान्दोसेरू म्हणतात त्याला. चामड्याचं किंवा नकली चामड्याचं, चौकोनी आणि ताठ. किंमत साधारण 50-60 हजार येन, म्हणजे आपले तीसेक हजार. सहावीपर्यंत तेच वापरायचं आणि पैसे बहुधा आजी-आजोबांनी द्यायचे. सासूबाईंना आकडा सांगितला तर म्हणाल्या, "अगं, आमच्या वेळी एवढ्यात लग्न उरकायचं!"

वस्तू उत्तम, यात वाद नाही. पट्टे वरून उभे उचललेले असतात, त्यामुळे दप्तर पाठीला चिकटून बसतं, कंबरेखाली लोंबत नाही. पण नुसतं रिकामंच भरतं 1.2 ते 1.5 किलो. पहिलीतलं मूल असतं 21 किलोच्या आसपास. दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जड नको, हा आपल्याकडच्या 2020 च्या दप्तर धोरणातला नियम इथे लावला, तर पुस्तकांसाठी उरतो जेमतेम पाऊण किलो.

त्यात इथे रिक्षावाले काका नाहीत. शाळेत चालतच जायचं, आणि आईबापांनी दप्तर धरायची पद्धत नाही. उन्हाळ्यात लिटरभर पाण्याची बाटली वेगळी. शुक्रवारी तर बघवत नाही: धुवायला आलेले खेळाचे कपडे, वर्गात घालायचे बूट, सगळं पिशव्यांत, आणि पिशव्या दप्तराच्या हुकाला. लेक कंबरेतून वाकून, मान पुढे काढून यायची. फ्रॉकची बाही सरकवली की खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ, आणि मानेजवळ जरा दाबलं की "आई गं!"

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. ओझं मागे ओढतं म्हणून मूल पुढे झुकतं, आणि तो तोल सांभाळता सांभाळता मान-खांद्यांचे स्नायू आखडतात. पाठीला कायमचा बाक येईल ही भीती त्यांनी उडवून लावली. मलम दिलं नाही, दप्तर हलकं करा म्हणाले.

तशी मुभा आहेच. घरी न लागणारी पुस्तकं शाळेतच ठेवू द्यावीत, असं इथल्या शिक्षण मंत्रालयाने 2018 मध्ये कळवलं होतं. पुढे दोन-तीन वर्षांत प्रत्येक मुलाच्या हातात टॅब्लेट आला. म्हणजे पुस्तक उतरलं आणि किलोभर यंत्र चढलं! सरकारी कारभार कुठलाही असो, हिशोब असाच.

मग पालकसभेत मी मोडक्यातोडक्या जपानीत विचारलंच. ज्या दिवशी गृहपाठ टॅब्लेटवर, त्या दिवशी पुस्तकं शाळेत राहिली तर चालेल का? बाई लगेच हो म्हणाल्या. कोणी विचारलंच नव्हतं म्हणे. आता लेक तिसरीत आहे. समाजशास्त्र, संगीत, चित्रकला शाळेच्या कप्प्यात, भाषा आणि गणित गरजेपुरतं घरी. मानेची तक्रार बरीच कमी झालीय, शुक्रवार सोडून.

सांगलीत भाच्याचं वेगळंच. बालभारतीने 2023 मध्ये पुस्तकांचे चार भाग केले, मधे कोरी पानंही घातली, म्हणजे वह्यांचं ओझं वाचावं. त्याच्या शाळेने वह्या तरीही मागितल्याच. नणंद म्हणते, दप्तर आजोबाच उचलतात फाटकापर्यंत, आता त्यांचा खांदा दुखतो.