मगनवाडीला जायचे असेल तर ऑटोवाल्याला ‘गांधी’ म्हणू नका

वर्ध्याला कामगार चळवळीचे संग्रहालय आहे, असे आमच्या निवृत्त खाण कामगारांच्या गटात कोणीतरी लिहिले आणि मी त्यावर विश्वास ठेवून मे महिन्यात घराबाहेर पडलो. लाल झेंडे, संपाची पत्रके, गिरणीच्या भोंग्याची छायाचित्रे असे काहीतरी डोळ्यांपुढे होते. मगनवाडीतले हे मगन संग्रहालय तसे नाही. ते ग्रामोद्योगाचे संग्रहालय आहे आणि तसे समजून गेलात तर निराश होणार नाही.

त्याआधी वाटेतल्या फसगतीविषयी लिहितो, कारण तीच अधिक जणांच्या वाट्याला येईल. वरोऱ्याहून येणारी आमची गाडी सेवाग्राम स्थानकावर थांबते आणि नाव वाचून आपण पोचलो असे वाटते. प्रत्यक्षात हे स्थानक वर्धा शहराच्या कडेला आहे, ज्या आश्रमामुळे ते नाव मिळाले तो पाच-सहा किलोमीटर लांब आहे आणि मगनवाडी शहरात, म्हणजे आणखी निराळ्या दिशेला. मी ऑटोवाल्याला “गांधीजींचे संग्रहालय” एवढेच सांगितले. “काका, गांधीजीचं सारं सेवाग्रामलाच हाये, बसा,” असे म्हणून त्याने मला तिकडे नेले, तिथून पुन्हा शहरात आणले आणि दोन्ही खेपांचे मिळून साडेतीनशे रुपये घेतले. तापलेल्या टपाखाली गेलेला तो पाऊण तास मला अजून आठवतो. तेव्हा बसण्यापूर्वी ‘मगनवाडी’ हाच शब्द उच्चारा, भाडे ठरवा आणि शक्य असेल तर सवारीच्या, म्हणजे इतरांबरोबर वाटून बसायच्या, ऑटोनेच जा.

नावाचा घोळ या भागात जुनाच आहे. गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी मगनवाडी सोडून शेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेले, तेव्हा त्यांची पत्रे बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागली, म्हणून 1940 मध्ये त्या खेड्याचे नाव सेवाग्राम झाले. टपालाची अडचण मिटली. माझ्यासारख्या प्रवाशाची नाही.

मगनवाडीची जागा जमनालाल बजाज यांनी दिली आणि 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी इथूनच चालवले. साबरमती आश्रमाचा कारभार सांभाळणारे मगनलाल गांधी 1928 मध्ये वारले. त्यांच्या नावाच्या या संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींनी 30 डिसेंबर 1938 रोजी केले. मी मात्र सर्वाधिक वेळ चरख्यांपाशी थांबलो. एका चरख्याच्या मुठीचे लाकूड बोटांच्या जागी झिजून खोलगट झाले होते. आमच्या खाणीत फावड्यांच्या दांड्यांना असेच खळगे पडत आणि नवीन माणसाला जुन्याचे फावडे हातात नीट बसत नसे.

त्या मुठीला मजुरी किती मिळत होती, हा प्रश्न मनात घेऊन गेलात तरच इथे जाण्यात अर्थ आहे. गांधीजी 1918 च्या अहमदाबादच्या संपात गिरणी कामगारांच्या 35 टक्के वाढीच्या मागणीसाठी उपोषणाला बसले होते, आणि 1935 मध्ये त्यांनी तोच हिशेब स्वतःच्या खादीला लावला: कातणाऱ्या बाईला आठ तासांचे आठ आणे मिळाले पाहिजेत. खादीचे काम पाहणाऱ्या चरखा संघाने पोटापुरत्या मजुरीचे धोरण स्वीकारले, पण आठ आण्यांचा पल्ला लांबच राहिला, कारण मजुरी वाढली की खादी महाग होते आणि महाग खादी खपत नाही. घरोघर विखुरलेल्या त्या बायकांना गिरणीच्या फाटकावर एकत्र उभे राहण्याची सोय नव्हती. त्यांचा दर वाढवायचा तो मालकाशी भांडून नव्हे, तर गिऱ्हाइकाला पटवून. युनियनमध्ये तीस वर्षे काढलेल्या मला ही गोष्ट इथे येण्यापूर्वी कधी सुचली नव्हती. तेवढ्यासाठी साडेतीनशे रुपये मी सोडून देतो, ऑटोवाल्याला माफ मात्र करत नाही.

दीड तास पुरतो. लहान मुलांना न्यायचे असल्यास त्यांच्यासमोर कोणी सूत कातून दाखवेल का, हे आधी विचारा, नाहीतर ती कंटाळतील. उघडण्याची वेळ आणि सुटीचा दिवस फोन करून विचारूनच निघा. उन्हाळ्यात जाऊच नका. दिवाळीनंतर, कापूस घरात येत असताना गेलात तर वाटेवरच्या जिनिंगांपुढे, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांपुढे, उभ्या गाड्याही दिसतील. आश्रम शांत आणि सावलीचा आहे, त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे.

परतीचे तिकीट काढताना गाडी वर्ध्याला थांबते की सेवाग्रामला, हे तिकिटावर पाहून घ्या. मुंबईच्या बाजूला जाणाऱ्यांना बहुधा वर्धा आणि आम्हा चंद्रपूरकडच्यांना सेवाग्राम, आणि शेवटच्या दहा मिनिटांत एका स्थानकावरून दुसऱ्यावर धावताना ऑटोवाला जे मागेल ते द्यावे लागते.