निरीक्षण, अनुमान आणि खनिज तेल

शाळेच्या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला माझ्या संशोधनाविषयी लिहिण्यास सांगितले आहे. खनिज तेलाचे रासायनिक पृथक्करण करणे आणि ते तेल कोणत्या प्रकारच्या खडकात, कोणत्या जीवांच्या अवशेषांपासून निर्माण झाले असावे याचा माग काढणे, हे माझे काम. या शाखेला सेंद्रिय भूरसायनशास्त्र म्हणतात. या कामात शाळेचा वाटा नेमका कोणता, असे कोणी विचारले तर मी प्रयोगवहीतील कृती, निरीक्षण आणि अनुमान या तीन रकान्यांचे नाव घेईन. सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर ‘क्लोराइड आढळले’ असे कोणी निरीक्षणाच्या रकान्यात लिहिले, की आमचे रसायनशास्त्राचे सर वही परत करीत. पांढरा अवक्षेप आला आणि तो अमोनियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळला, एवढेच डोळ्यांना दिसले; क्लोराइडची जागा शेजारच्या रकान्यात. तेव्हा हा काटेकोरपणा आम्हांला जाच वाटे.

तेलाचा नमुना आला, की प्रथम त्यात भरपूर हेप्टेन हा द्रावक मिसळून अस्फाल्टीन, म्हणजे तेलातील सर्वांत जड घटक, खाली बसवावे लागते. गाळणकागदावर त्याची काळपट तपकिरी भुकटी उरते. राहिलेले तेल सिलिका जेलच्या स्तंभावर चढवून वरून हेक्झेन सोडले, की संतृप्त हायड्रोकार्बन (फक्त एकेरी बंध असलेली कार्बन-हायड्रोजनची संयुगे) सर्वांत आधी खाली उतरतात. वर काळेकुट्ट तेल आणि तोटीतून पडणारा थेंब मात्र पाण्यासारखा नितळ, हे दृश्य इतकी वर्षे पाहूनही मला त्याचा कंटाळा आलेला नाही. ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझिनसारखी वलये असलेल्या, संयुगांचा पिवळसर पट्टा त्यामागून सरकतो आणि रेझिन वरच चिकटून बसतात.

तेलाचा पूर्वेतिहास सांगणारी संयुगे त्या नितळ भागात अत्यल्प प्रमाणात असतात. वायू वर्णलेखन (मिश्रणातील संयुगे वेगळी करणारी पद्धत) आणि वस्तुमान वर्णपटमापन (त्यांच्या विद्युतभारित तुकड्यांचे, म्हणजे आयनांचे, वस्तुमान मोजणारी पद्धत) यांची जोडी वापरून ती टिपता येतात: १९१ वस्तुमानाच्या आयनावर लक्ष ठेवले की होपेन दिसतात, २१७ वर स्टेरेन. होपेनचा सांगाडा जिवाणूंच्या पेशीपटलातून आलेला असतो, तर स्टेरेनचा मुख्यतः शैवाल आणि वनस्पती यांच्या स्टेरॉलमधून. या विचाराचा पाया आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३४ च्या सुमारास घातला. त्यांना खनिज तेलात पॉर्फिरिन, म्हणजे मध्यभागी धातू धरून ठेवणारी वलयाकार संयुगे, सापडली. त्यांच्या मध्यभागी हरितद्रव्यातल्या मॅग्नेशियमऐवजी व्हॅनेडियम बसलेले होते, परंतु सांगाडा हरितद्रव्याचाच होता. एवढ्यावरून त्यांनी तेल सजीवांपासून बनले असे अनुमान काढले. शिवाय पॉर्फिरिन शाबूत राहिली आहेत, त्याअर्थी तेल फार उच्च तापमानाला तयार झालेले नसणार, हेही त्यांनी ताडले.

सगळीच अनुमाने इतकी भक्कम नसतात. हरितद्रव्याच्या फायटॉल या शेपटीपासून ऑक्सिजन असलेल्या गाळात प्रिस्टेन हे हायड्रोकार्बन अधिक बनते आणि ऑक्सिजनविरहित गाळात फायटेन अधिक, म्हणून प्रिस्टेनचे फायटेनशी गुणोत्तर १ पेक्षा कमी आले की ‘ऑक्सिजनविरहित पर्यावरण’ असे बेधडक लिहून टाकण्याची आमच्याकडे सवय आहे. पण प्रिस्टेन टोकोफेरॉलपासूनही (ई जीवनसत्त्वापासून) बनते, फायटेन आर्किया या जिवाणूंसारख्या सूक्ष्मजीवांच्या मेदद्रव्यांतूनही येते आणि खडक जसजसा तापत जातो तसतसे हे गुणोत्तर बदलते. माझ्या मते एकट्या गुणोत्तरावर विसंबणारा अहवाल वाचण्याच्याही लायकीचा नसतो. विद्यार्थ्यांना मी आणखी एक सांगतो: आलेखातले प्रत्येक शिखर तेलाचेच असते असे नाही. १४९ वस्तुमानाचे ठळक शिखर बहुधा प्लॅस्टिकच्या झाकणातील थॅलेट या प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या संयुगाचे असते, आणि स्क्वालीन हे त्वचेच्या तेलातील संयुग दिसले तर ते हाताळणाऱ्याच्या बोटांवरचे असण्याचा संभव मोठा. म्हणूनच नमुन्याविना कोरी चाचणी आधी करावी लागते.

या शास्त्राचा कस लागलेले एक उदाहरण मला विशेष आवडते. मार्च १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डीझ हे तेलवाहू जहाज अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर आदळले आणि सुमारे ४ कोटी लिटर तेल समुद्रात गेले. नंतर किनाऱ्यावर डांबराचे गोळे सापडले, ते साहजिकच त्याच जहाजाच्या नावावर जमा झाले असते. परंतु त्यांपैकी अनेकांतील कार्बनच्या समस्थानिकांचे मान (जड कार्बन-१३ आणि हलका कार्बन-१२ यांचे प्रमाण प्रमाणित नमुन्यापेक्षा किती वेगळे, ते सांगणारा आकडा) उणे २४ प्रति सहस्र याच्या आसपास होते, तर जहाजातील तेलाचे उणे २९ च्या जवळ. एवढा फरक नुसत्या ऊनवाऱ्याने पडत नाही. होपेनांची ठेवणही निराळी होती, आणि दोन्ही गोष्टी कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे खडकांच्या तेलाशी जुळत होत्या. ते तेल अलास्कात कसे पोहोचले, याचे सर्वांत पटण्याजोगे स्पष्टीकरण असे, की १९६४ च्या मोठ्या भूकंपात वाल्डीझ बंदरातल्या टाक्या फुटल्या आणि कॅलिफोर्नियाहून आणून साठवलेले डांबर व इंधन तेल समुद्रात वाहून गेले. पाव शतक उलटूनही ही ओळख पटू शकली, कारण सूक्ष्मजीव सरळ साखळीचे अल्केन (संतृप्त हायड्रोकार्बन) आधी फस्त करतात, मग प्रिस्टेन आणि फायटेनकडे वळतात, आणि होपेनांना बहुधा सर्वांत शेवटी हात लावतात.