तुम्ही विचारलंत म्हणून: किंमत केव्हा मोजलीत?

आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) नव्याने येणारे तरुण मला वरचेवर विचारतात की प्रभू येशूच्या मागे जाण्याची किंमत तुम्ही केव्हा मोजलीत आणि कसोटीच्या काळात विश्वासू कसे राहिलात. किंमत एकदाच मोजायची असते आणि मी विश्वासू राहिलो, असे दोन्ही या प्रश्नात गृहीत धरलेले असते, म्हणून उत्तर देताना मला संकोच वाटतो.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या जीवनकथेच्या, 14व्या अध्यायात येशू बुरूज बांधू पाहणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशेब करायला सांगतो. बाप्तिस्म्यापूर्वी मी तो हिशेब केला होता. कोणती नाती दुरावतील, हे मला ठाऊक होते. मात्र त्याच शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात वधस्तंभ (क्रूस) ‘दररोज’ उचलायला सांगितले आहे, तो शब्द माझ्या हिशेबातून सुटला.

पुढे नोकरीत, कधी न आलेल्या मालाच्या पावतीवर सही करण्याची वेळ आली. वरिष्ठांनी टोपण काढून पेन पुढे केले, खोलीत कोणीच बोलत नव्हते, आणि मी सही केली. दुसऱ्या शतकातला स्मुर्णा शहराचा वृद्ध बिशप पॉलिकार्प 86 वर्षे ज्याची सेवा केली त्या आपल्या राजाची, ख्रिस्ताची, निंदा करायला नकार देऊन मरणाला सामोरा गेला. माझ्यापुढे तर चार क्षणांच्या अवघडलेपणाखेरीज कसलेच संकट नव्हते.

त्यानंतर कित्येक आठवडे मला प्रार्थना करवेना. मला येशूचा शिष्य पेत्र याच्या कथेने सावरले. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो: एकदा महायाजकाच्या अंगणात, जिथे शेकत असताना पेत्र प्रभूला नाकारतो, आणि नंतर समुद्रकिनारी, जिथे मरणातून उठलेला येशू त्याला तीनदा विचारतो, ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ त्याच्या अपराधाची झडती तिथे घेतली जात नाही, उलट मेंढरे सांभाळण्याचे काम त्याच्यावर सोपवले जाते. (हा भाग मी आजही सावकाश वाचतो.) शिवाय, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे, असे येशूने पेत्राला त्याच्या पडण्याच्या आधीच सांगून ठेवले होते.

वर्षभराने तशीच पावती पुन्हा आली, तेव्हा मी ती सही न करता परत दिली. माझी बढती गेली आणि पुढे बदलीही झाली, ज्याची झळ घरच्यांनाही सोसावी लागली. पावती परत देताना माझा हात थरथरत होता आणि मनात स्वतःचा असा एकही शब्द नव्हता. होते ते पेत्राला दिलेले तेवढे आश्वासन.