मगवरचा साप

आज अमेरिकेतल्या सांता फे शहरात एक मग घेतला, काळाभोर, कडेनं वळवळत गेलेला शिंगवाला साप. नंतर कळलं हा अवान्यू, टेवा प्वेब्लो या तिथल्या मूळनिवासी लोकांचा पाण्याचा राखणदार. त्यांच्याच सॅन इल्देफोन्सो गावच्या कुंभार मारिया मार्टिनेझ चाक न वापरता हातानं भांडी घडवायच्या, नवरा हुलियन त्यावर हा साप काढायचा आणि भाजताना शेणाखाली धूर कोंडायचे म्हणून तो काळा रंग. मारियाबाई खाली सही करायच्या, माझ्या मगाखाली फक्त 'मायक्रोवेव्ह सेफ' 😅 नंतर गव्हर्नर्स पॅलेस या जुन्या सरकारी वाड्याच्या ओसरीत बसलेल्या एका आजींकडचं हातानं घडवलेलं छोटं भांडं उचललं, किंमत ऐकली, हळूच खाली ठेवलं. आता चहा पितोय आणि साप माझ्याकडेच बघतोय राव.